पहिल्या दोरीला

सिद्रामप्पांनी आळंदहून हुमनाबादपर्यंत बाभळीचा एक ओंडका बसमध्ये खिडकीशेजारी बसवून नेला आणि स्वतः उभे राहिले. ओंडका मांडीएवढा जाड, खडखडीत वाळलेला, टॉवेलात गुंडाळलेला. कंडक्टरनं विचारलं, "हे काय अप्पा?"

"परीक्षेचा पेपर," सिद्रामप्पा म्हणाले.

त्यांना झाडं कापायची पेट्रोलची मशीन घ्यायची होती. दुकानदार शेवग्याचं ओलं लाकूड कापून गिऱ्हाइकाला गंडवतात, हा त्यांचा ठाम आरोप. म्हणून लाकूड घरचं.

मादन हिप्परग्यात मी शाळामास्तर, ते गावाबाहेर शेतात राहणारे. वर्षभर हा शोध चालला होता आणि दर खेपेला मला बरोबर नेत. शिकलेला माणूस सोबत असावा म्हणून नेतात, असा माझा समज. मी मोबाइलवर इंजिनाची सगळी माहिती पाठ करून जायचो. त्यांनी मला एक अक्षर कधी विचारलं नाही.

दुकान उघडायच्या आधी आम्ही पायरीवर हजर. मालकानं मशीन काढली की सिद्रामप्पा आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा इंजिनावर हात ठेवत. जरा कोमट लागली की संपलं.

"आधीच चालवून ठेवलाव व्हय? गरम मशीन कुणाच्याबी हातानं चालू व्हती. मला गार पडलेली पायजे."

मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, वढा दोरी."

इंजिन सुरू करायची दोरी मीच का ओढायची, हे मला कळत नसे. एकदा तीन झटके देऊन मी खांदा धरून खाली बसलो. दुकानातला हमाल हसत आला आणि त्यानं एका हिसक्यात मशीन सुरू केली. मालक खूश. सिद्रामप्पा मात्र ओंडका टॉवेलात गुंडाळायला लागले होते.

"गुरुजींच्या हातानं झाली न्हाई. ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या एका दुकानदारानं बॅटरीची मशीन दाखवली. नुसतं बटण दाबायचं. मी तर मनातल्या मनात हात जोडले. पण सिद्रामप्पा म्हणाले, "वादळात लाईट पहिली जाती. मग बॅटरी काय तोंडानं फुकून भरू?"

त्या दिवशी हुमनाबादच्या धाब्यावर मी वैतागून विचारलंच, "अप्पा, दर वेळी मीच कामून? तुमी कामून वढत न्हाई?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "खरं सांगू? माझ्या वळखीत तुमच्याइतका कमजोर हात दुसरा न्हाई."

मी काही बोलणार, तोच ते हळूच म्हणाले, "हिच्या हाताला आन तुमच्या हाताला जोर सारखाच हाय."

ही म्हणजे त्यांची बायको, गौराक्का. गेल्या उन्हाळ्यात सिद्रामप्पांच्या छातीत कळ आली होती. मी तेव्हा सुट्टीत माझ्या गावी होतो, मला एवढंच ठाऊक होतं.

"त्या दुपारी वादळानं बाभळ वाटंवर आडवी पडली. दवाखान्याची जीप पलीकडं, मी अलीकडं बाजंवर. ही कुऱ्हाडीनं तोडायलती आन मी पडल्या पडल्या घाव ऐकायलतो. पुन्हा तसं झालं तर दोरी वढायला मी कुठला आसणार, गुरुजी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला माझीच लाज वाटली.

जेवणानंतर पुढच्या दुकानात पाहिलेली गार मशीन माझ्या हातानं पहिल्या दोरीला सुरू झाली. आयुष्यात एवढा अभिमान मला कशाचा वाटला नव्हता. ओंडका मुळ्यासारखा कापला गेला. येताना सिद्रामप्पा खिडकीशी बसले, मांडीवर मशीन घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेलो. गौराक्कांनी पदर खोचला, मशीनवर पाय रोवला आणि दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू.

"बंद कर," सिद्रामप्पा म्हणाले. "इंजिन गार होऊ दे."

तासाभरानं ते आत जाऊन बाजेवर आडवे झाले. तिथून त्यांना अंगण दिसत नव्हतं.

"आता वढ. मी हितनं ऐकतो."

अंगणात मशीन पहिल्याच दोरीला गरजली. सिद्रामप्पा डोळे मिटून पडून राहिले. गौराक्का मशीन बंद करून दारात आल्या.

"झोपलाव काय? उठा, गुरुजींना चहा पायजे."

"जरा पडू दे," ते म्हणाले. "वर्सभर आडवं पडलं की ते कुऱ्हाडीचे घावच ऐकू यायलते."