तालमीच्या खोलीच्या मोहिमेची हकीगत

ऐकणारे सावध असावे, वाचणारे दुप्पट सावध असावे. नाट्यगृहाच्या मागल्या अंगास तालमीची खोली, तिचे रक्षणार्थ शिबिरताईंनी जी शर्थ केली, ती कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी आम्ही यथास्थित लिहून ठेवितो. पदरचे घालण्याची आम्हांस खोड नाही. घातलेच असेल तर थोडके.

शिबिरताई म्हणजे नाट्यगृहाच्या युवा शिबिराच्या खाशा सरदार, आणि ती खोली म्हणजे त्यांची एकुलती एक जहागीर. तिजवर अध्यक्षकाकांची नजर पडली. काका मंडळाचे धनी, भाषणाचे बहुत शौकीन, हाती कागद आणि समोर माइक असला की आवरणे मुश्कील. त्यांनी फर्मान काढिले जे, मोडक्या खुर्च्या ठेवावयास जागा नाही, सबब शिबिराने रविवारी पालकांसमोर नाटक करून दाखवावे, न जाहल्यास खोली खुर्च्यांस बहाल होईल. ताई पदर खोचून कामास लागल्या. माणसांपुढे हार खाल्ली तर सोसवते, मोडक्या खुर्च्यांपुढे कोण खाईल?

आता ताईंची चूक ऐका. पोरे मोबाइल सोडून येईनात, म्हणोन त्यांनी पहिल्याच दिवशी आमिष दाखविले, आणि पडद्याचा दोर हाती दिला, आणि दिव्यांची बटणे दाबू दिली, आणि नट अडखळला की विंगेतून वाक्य हळूच कैसे पुरवावे, ते प्रॉम्प्टिंगही शिकविले. नाटक बसवावयाचे ते म्हातारीची झोपडी हिरावणाऱ्या राजाचे, परंतु पोरे ऐसी खूश जाहली की रंगमंचावर जावयास एकही राजी होईना. मग ताईंनी समजाविले, मग रागे भरल्या, मग हातापाया पडल्या, परंतु जबाब एकच, "ताई, आम्ही दोर ओढतो ना!" त्यांत एक मुलगी, शिबिरात आल्यापासून तिने तोंडातून शब्द काढिला नाही, सबब सगळे तिला मौनी म्हणत. तीही विंगेतले स्टूल धरून बसली, ती हलेना.

रविवार उजाडला. पालकांची फौज डेरेदाखल जाहली, पोरांची फौज पडद्यामागे सज्ज जाहली, आणि मधला रंगमंच ओस. इतक्यात अध्यक्षकाकांची स्वारी विंगेत आली आणि विचारिती जाहली, "काय ताई, नट कुठंयत?" तेव्हां ताईंस ऐसी मसलत सुचली की वाहवा! त्या म्हणाल्या, "काका, राजाच्या कामाला शोभेल असा माणूसच मिळेना हो. म्हातारीचं मी करते, पण राजा तुमच्याशिवाय कोण?" काका तोंडाने नको नको म्हणाले, आणि डोके मुकुटात आधीच घातले.

पडदा झोकात उघडला. दिवे लागले. समोर माइक नाही, हाती कागद नाही, काका पार गारठले. विंगेतून जे येईल ते बोलून टाकावे, एवढेच शहाणपण उरले. एक पोर कुजबुजले आणि काका गरजले, "काका, मागे सरका, पडदा लागेल!" मग दुसरे पोर कुजबुजले आणि काका पुन्हा गरजले, "अहो, हे नाही म्हणायचं!" पालकांनी पोटे धरली, पोरे विंगेत लोळली.

मग ताईंनी गुडघे टेकोन फिर्याद घातली की, महाराज, माझी झोपडी हिरावू नका. झोपडी म्हातारीचीच राहील, इतकेच राजाने म्हणावयाचे. काकांची नजर विंगेकडे वळली. तेथे मौनी उठून उभी होती. ताईंनी तिचा आवाज प्रथमच ऐकिला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मौनी हळूच परंतु स्पष्ट म्हणाली, "तालमीची खोली मुलांचीच राहील. खुर्च्या माझ्या केबिनमध्ये ठेवा." आणि अध्यक्षकाका छाती काढून, हात उंचावून, शेवटच्या रांगेपावेतो पोहोचेल ऐशा आवाजात तेच फर्मान सोडिते जाहले.

टाळ्यांचा कडकडाट जाहला, पालक उठून उभे राहिले. काकांस उमज पडली, आणि "म्हणजे तसं नव्हे" म्हणावयास त्यांनी तोंड उघडिले, तोच साऱ्या पोरांनी मिळोन पडदा ओढिला.

पडद्यामागे काकांनी चौकशी केली, "हे वाक्य नाटकात होतं?"

मौनी म्हणाली, "आता आहे."

फत्ते जाहली. खोली शिबिराकडे कायम जाहली, मोडक्या खुर्च्यांनी केबिनीत मुक्काम केला, आणि तेथे पाय ठेवावयास जागा न उरल्याकारणे अध्यक्षकाका हल्ली तालमीच्या खोलीत, मौनीची परवानगी घेऊन, सतरंजीवर बसतात. हे घडले तैसे नमूद केले असे.