घोड्यांची सेवाज्येष्ठता

"घोडा काय आणि कारकून काय, दोघांना एकच गोष्ट लागते. शिस्त!"

दत्तप्रसादरावांनी हे वाक्य पहिल्याच दिवशी, पागेत उभं राहून, चारही घोड्यांना उद्देशून टाकलं. घोड्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. सदतीस वर्षं कारकूनही असंच ऐकून घेत आले होते.

आता सरकारी कचेरीच्या आस्थापना विभागातून निवृत्त झालेला माणूस खडकीजवळच्या घोडेस्वारीच्या शाळेत व्यवस्थापक कसा झाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं श्रेय त्यांच्या सौभाग्यवतींना, म्हणजे दीपमालाबाईंना. निवृत्तीनंतर आठ महिने हा गृहस्थ नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत बसून होता. बसून कुठला! त्यांनी स्वयंपाकघरातले डबे ताब्यात घेतले, प्रत्येकावर नंबर टाकला आणि यादी कपाटात कुलूपबंद केली. "डब्यावर नाव कशाला? आतला माल बदलतो, डबा तोच राहतो," हे त्यांचं तत्त्व. त्या आठवड्यात दीपमालाबाईंनी शिऱ्यात रव्याऐवजी रांगोळी भाजली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"अगं, पण मला घोड्यांतलं काय कळतं?"

"माणसांतलं तरी कुठं कळत होतं? सदतीस वर्षं निभावलीच ना!"

शाळेच्या अध्यक्षा यमुनाबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना नीटनेटकं अक्षर आवडायचं. दत्तप्रसादरावांचं अक्षर मोत्यासारखं. झाली नेमणूक!

शाळेत घोडे चार. अभय, वय चार, अंगात नुसता वारा; रोज तासभर लांब दोरीवर गोल गोल पळवला नाही तर स्वतःच्या सावलीला लाथ मारणारा. बिजली, नावाची बिजली, बाकी सगळा खाऊन आलेला लठ्ठपणा. सरदार, वय चोवीस, दात पडलेले, पाठीवर बालवाडी बसवली तरी डुलक्या काढणारा. आणि चौथी हिरा.

हिरा शाळेतली सगळ्यात गुणी घोडी. चार महिन्यांपूर्वी तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर दुखावली आणि ती लंगडायला लागली. घोड्यांच्या डॉक्टर सलोनी यांनी औषधपाणी, विश्रांती, गार पाण्याची धार, रोज दहा मिनिटं हाताला, म्हणजे लगामाला, धरून चालवणं, असं सगळं बांधून दिलं होतं. पण हिरा काही सरळ चालेना. शेवटी समितीनं ठरवलं की येत्या रविवारी डॉक्टर तिला पळवून बघतील. नीट पळाली तर राहील, नाहीतर वरातीच्या घोडेवाल्याला देऊन टाकायची. म्हणजे डोक्यावर तुरा, कानाशी बँड आणि पायाखाली फटाक्यांच्या माळा!

हे ऐकून घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दार सुखदेवनं जेवणच सोडलं. त्यानं हिराला शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. कुणाला काय खायला, कुणाला किती फिरवायचं, कुणाच्या गोळ्या कशात लपवायच्या, सगळं त्याच्या डोक्यात. कागद म्हणून नाही!

"सगळं डोक्यात?" दत्तप्रसादराव हादरले. "आणि उद्या तुम्ही रजेवर गेलात तर डोकं ठेवून जाणार का?"

"साहेब, उद्याच चाललो ना. वर्ध्याला पुतणीचं लग्न आहे. पाच दिवस. रविवारी सकाळी परत येतो." सुखदेवनं हात जोडले. "तेवढी माझ्या हिराला सांभाळा."

"निश्चिंत जा! रविवारी हिरा पळाली नाही तर मी नावाचा दत्तप्रसाद नाही."

त्याच दुपारी त्यांनी सुखदेवला समोर बसवून सगळं लिहून घेतलं आणि चार सुरेख पाट्या तयार केल्या. पाटी क्रमांक एक: रोज एक तास दोरीवर जोरात पळवणे. क्रमांक दोन: पूर्ण विश्रांती, गार पाण्याची धार, दहा मिनिटं हाताला धरून चालवणे, नंतर गूळ. क्रमांक तीन: खुराक बंद, फक्त कोरडं गवत, रोज वीस मिनिटं दुडकी चाल. क्रमांक चार: भिजवलेला खुराक दुप्पट, अत्यंत शांत, लहान मुलांस योग्य. प्रत्येक ठाणाच्या, म्हणजे घोड्याच्या खोलीच्या, दारावरच्या फळीला त्यांनी आपल्या हातानं, चार चार पितळी स्क्रूंनी, पाटी बसवली. घोड्याचं नाव एकाही पाटीवर नाही.

"नाव नको का, साहेब?" सुखदेवनं विचारलं.

"पाटी खुर्चीची असते, माणसाची नसते. माणूस बदलतो!"

सुखदेव गाडीला गेला. बदली म्हणून लोहगावच्या पलीकडून रामदास आला. तो इथल्या एकाही घोड्याला ओळखत नव्हता. दत्तप्रसादरावांना असाच माणूस हवा होता.

"पाटीवर लिहिलंय तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. कळलं?"

"व्हय, सायेब."

इथवर सगळं ठीक होतं हो! पण संध्याकाळी दत्तप्रसादरावांची नजर ठाणांवरून फिरली आणि त्यांच्यातला आस्थापना विभाग जागा झाला. ठाण क्रमांक एक लिंबाच्या सावलीत, वाऱ्याच्या तोंडावर. आणि तिथं कोण? अभय! कालचं पोर! आणि चोवीस वर्षांचा सरदार शेवटच्या ठाणात, लिदीच्या ढिगाला नाक लावून!

"हा अन्याय आहे," दत्तप्रसादराव म्हणाले. त्यांनी रुजू झाल्याच्या तारखा काढल्या, सेवाज्येष्ठता यादी केली आणि अंधार पडायच्या आत बदल्यांचे आदेश निघाले. सरदार एकमध्ये, बिजली दोनमध्ये, हिरा तीनमध्ये, अभय चारमध्ये. रामदासनं घोडे हलवले. पाट्या मात्र जिथल्या तिथं राहिल्या. पाटी खुर्चीची असते ना!

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा सरदार दोरीवर तासभर गरगरा पळू लागला. लठ्ठ बिजली पडल्या पडल्या गूळ खाऊ लागली. आजारी हिरा उपाशीपोटी दुडक्या मारू लागली. आणि अभय, ज्याच्या अंगात आधीच वारा, तो दुप्पट खुराक खाऊन नुसता उभा राहू लागला. शाळेला आठवडाभर सुट्टी होती म्हणून बरं.

दत्तप्रसादरावांना यातलं काही दिसलं नाही, कारण अधिकाऱ्यानं जागेवर बसून काम करायचं असतं. शिवाय बदल्यांच्या संध्याकाळी बिजली त्यांच्या सदऱ्यावर शिंकली होती, तेव्हापासून ते पागेकडे फिरकत नसत. ते कचेरीत बसून आवक-जावक नोंदवही आखत होते.

तिसऱ्या दिवशी रामदास दारात आला. "सायेब, एक लंबरचं घोडं लई दमतंय. मधीच खाली बसतंय."

"पाटी काय म्हणते?"

"पाटी म्हंती पळवा."

"मग?"

"घोडं नगं म्हनतंय."

"लेखी द्या म्हणावं!" दत्तप्रसादरावांनी डोकंही वर केलं नाही.

घोडं काही लेखी देईना. शेवटी शुक्रवारी रामदासनंच वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. दत्तप्रसादरावांनी तो पाकिटात घातला, पाकिटावर आवक क्रमांक टाकला आणि खणात ठेवला. टपाल सोमवारीच उघडायचं, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता.

रविवार उजाडला. आठ वाजता यमुनाबाई छत्री घेऊन आल्या. डॉक्टर यायच्या होत्या. तेवढ्यात यमुनाबाईंच्या मनात आलं, "अहो दत्तप्रसादराव, शाळेच्या माहितीपत्रकासाठी तुमचा घोड्यावर बसलेला फोटो हवा."

दत्तप्रसादराव आयुष्यात फक्त सायकलवर बसले होते. पण समोर अध्यक्षा! आणि हाताशी अत्यंत शांत, लहान मुलांस योग्य असा घोडा असताना भ्यायचं कशाला?

"रामदास, क्रमांक चारला खोगीर चढवा."

"सायेब, ते चार लंबरचं घोडं लई तापल्यालं हाय. म्या शुक्करवारच्या अर्जात..."

"पाटी वाचता येते मला. मीच लिहिलीये!"

स्टुलावर चढून ते खोगिरावर बसले. यमुनाबाईंनी मोबाईल वर धरला. "हसा," त्या म्हणाल्या. दत्तप्रसादराव हसले आणि ऐटीत टाच मारली.

पाच दिवसांचा दुप्पट खुराक एकदम सुटला! अभयनं मैदानाच्या तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीला यमुनाबाईंनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला दत्तप्रसादरावांचा चष्मा गेला. तिसऱ्या फेरीला ते अभयच्या गळ्यात हात घालून सगळ्या देवांची आवक नोंदवत होते. मग अभयला घर आठवलं. घर म्हणजे त्याचं जुनं ठाण, क्रमांक एक! तो तीरासारखा तिकडे सुटला. दार होतं घोड्याच्या उंचीचं. अभय आत गेला. दत्तप्रसादराव पाटीला धरून बाहेर लोंबकळत राहिले.

स्क्रू पक्के होते. पाटी तसूभर हलली नाही. शेवटी दत्तप्रसादरावांचे हातच सुटले आणि ते धप्पकन खाली आले. डावा पाय घोट्यात मुरगळला.

नेमक्या त्याच क्षणी डॉक्टर सलोनींची स्कूटर आत शिरली, आणि मागोमाग रिक्षातून सुखदेव उतरला. अंगावर लग्नातले पांढरे कपडे, खांद्याला बॅग.

"अभय एवढा घामाघूम का झालाय? आणि त्याच्या ठाणात सरदार काय करतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सेवाज्येष्ठता," जमिनीवरून उत्तर आलं.

"आणि पाट्या? त्या हलवल्यात ना?" सुखदेवनं विचारलं.

रामदास कचेरीत गेला, खणातलं पाकीट आणलं आणि डॉक्टरांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते फोडून मोठ्यानं वाचलं. "सायेब, पाट्या चुकीच्या घोड्यास्नी लागल्यात वाटतं. तीन लंबरच्या घोडीच्या पायावर जुनी पट्टी बांधल्याची खूण हाय, आन पाटी म्हंती पळवा. काय करू?"

"तीन नंबरला कोण आहे?" सुखदेवनं विचारलं.

"हिरा," दत्तप्रसादराव पुटपुटले.

सुखदेव मटकन खाली बसला. "पाच दिवस पळवली? माझ्या आजारी पोरीला?" तो डोळे पुसू लागला. "साहेब, तुम्ही पाट्या लिहिल्यात. एकदा घोडीकडे बघितलं असतंत तर?"

दत्तप्रसादरावांना सदतीस वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायाचं दुखणं ते क्षणभर विसरलेच.

"रामदास, हिराला आणा. हळू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा गंभीर होता.

रामदासनं हिराला बाहेर आणलं. डॉक्टरांनी तिचा डावा पाय दाबून बघितला. सूज नाही, गरम नाही. "चालवा." हिरा चालली. "पळवा." हिरा पळाली! टप टप, टप टप, एक पाऊल चुकेल तर शपथ. मैदानाच्या त्या टोकाला गेली आणि पळतच परत आली.

"हिरे!" सुखदेव ओरडत उठला.

हिरानं त्याला पाहिलं. त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. आणि काय सांगू, ती घोडी जागच्या जागी लंगडायला लागली!

यमुनाबाईंनी निकाल लागल्यासारखी छत्री मिटली. डॉक्टर मात्र वाकून बघत होत्या. "सुखदेव, दुखावलेला पाय कुठला?"

"डावा, मॅडम."

"मग ही उजव्यानं का लंगडतेय? खिशात काय आहे तुमच्या?"

सुखदेवनं खिशातून गुळाचा खडा काढला. "लंगडली की द्यायचो. जीव तुटतो हो मॅडम."

"तरीच! दर वेळी मला पळवून दाखवायला तुम्हीच, आणि खिशात गूळ. अहो, तिचा पाय दोन महिन्यांपूर्वीच बरा झालाय. तेव्हापासून ही बाई नुसती वैद्यकीय रजेवर आहे!"

एवढं ऐकताच दत्तप्रसादराव कोपरावर उठले. "म्हणजे माझ्या पाटीनंच..."

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टर म्हणाल्या. "शीर बरी झाली नसती तर घोडी कायमची गेली असती. नशीब म्हणा."

दत्तप्रसादराव पुन्हा आडवे झाले. हिरा शाळेत राहिली. सुखदेवनं तिच्या मानेला मिठी मारली आणि गूळ स्वतःच खाऊन टाकला. पाय बरा झाला की कामावर या, असं यमुनाबाईंनी दत्तप्रसादरावांना सांगितलं. फक्त घोड्यांच्या बदल्या करायच्या नाहीत.

पागेला पाट्या नकोशा झाल्या होत्या. दोन दिवसांनी सुखदेवनं त्या चारही काढून नारायण पेठेत आणून दिल्या. दीपमालाबाईंनी क्रमांक दोन निवडून पलंगावर लावली. पूर्ण विश्रांती, गार पाण्याची धार, दहा मिनिटं हाताला धरून चालवणे. फक्त गुळाऐवजी रोज शिरा, रव्याचा. तीन आठवडे दत्तप्रसादराव दीपमालाबाईंच्या खांद्यावर हात टाकून गॅलरीपर्यंत जात आणि कण्हत परत येत. काय ते दिवस होते! काजू घातलेला शिरा, वर विचारपूस. खडकीचं नाव निघालं की त्यांची कळ वाढायची.

बाविसाव्या दिवशी दीपमालाबाई भाजी घेऊन जरा लवकरच परतल्या. दत्तप्रसादराव खिडकीत ताठ उभे होते. चाहूल लागताच ते "आई गं!" म्हणत लंगडत पलंगाकडे निघाले.

दीपमालाबाई दारातच थांबल्या.

"अहो, मुरगळला होता तो डावा ना?"

"हो गं. फार ठणकतोय."

"मग उजव्यानं का लंगडताय?"

दत्तप्रसादराव एका पायावर उभे राहिले. कुठल्या, ते त्यांनाही आठवेना.

दीपमालाबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली, पलंगावरची पाटी काढली आणि कपाटामागून दुसरी आणून तिथं टांगली. खुराक बंद, फक्त कोरडं, रोज वीस मिनिटं दुडकी चाल. शिऱ्याची कढई त्यांनी फळीवर, अगदी वर, ठेवून दिली.

"उद्यापासून खडकी. आणि आजपासून पाटी क्रमांक तीन."

"अगं, पण..."

"वाचता येते ना? तुम्हीच लिहिलीये!"