नात बघायची ती आपल्याच घरात

"वर गेलो असतो तर एव्हाना चारदा बघून झाली असती," चष्मेवाल्यांची बायको दारातून म्हणाली.

चष्मेवाले टेबलाखाली पालथे पडले होते आणि त्यांच्या तोंडात दोन स्क्रू होते.

प्रकरण होतं नातीचं. दूरदेशी असलेल्या लेकीनं आपल्या तान्ह्या मुलीची सीडी पाठवली होती. फोटो एकही नाही. "फोटोत काय मजा? एकदम हलतीबोलतीच बघा," असा तिचा हट्ट. तेव्हा पहिल्यावहिल्या नातीचं तोंड बघायचं, तर त्या सीडीतच. आणि चष्मेवाल्यांचा कॉम्प्युटर, जो त्यांनी चष्म्याच्या दुकानाच्या हिशेबासाठी जुन्यात घेतला होता, त्याला सीडी घालायला जागाच नव्हती. त्याला ठाऊक फक्त फ्लॉपी.

वरच्या मजल्यावर थोरले भाऊ राहायचे. दादा. जन्मभर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे नवाकोरा कॉम्प्युटर होता. त्यांनी जिन्यातूनच आरोळी दिली होती, "छोट्या, आण ती सीडी वर! दोन मिनिटांत दाखवतो. तुझ्या त्या पेटाऱ्याला भंगारवालासुद्धा फुकट नेणार नाही!"

साठी गाठलेल्या छोट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर गेलं की काय होतं ते त्यांना माहीत होतं. चांगली खुर्ची दादाची, माऊस दादाच्या हातात, 'मागं सरका, गर्दी नको' हे दादाचंच, आणि नात मात्र आपली! छे! नात बघायची ती आपल्याच घरात. ते तडक बाजारात गेले आणि सीडी ड्राइव्ह घेऊन आले.

"बसवायला माणूस बोलवा," बायको म्हणाली.

"माणूस कशाला? जन्म गेला माझा स्क्रू पिळण्यात."

ते खरं होतं, पण चष्म्याचे स्क्रू. त्यांचे सगळे पेचकस काडीएवढे. कॉम्प्युटरच्या स्क्रूपुढे ते नुसतेच गोल गोल फिरले. शेवटी स्वयंपाकघरातली सुरी आली. डब्याचं झाकण ओढता ओढता एकदम निघालं आणि चष्मेवाले झाकणासकट पलंगावर जाऊन बसले. आत इतकी धूळ होती की बायको झाडू घेऊनच पुढे झाली. "हात लावू नकोस!" ते ओरडले आणि त्यांनी स्वतः फुंकर मारली. मग पुढची पाच मिनिटं दोघंही शिंकत होती.

एक गोष्ट मात्र झकास जमली. ड्राइव्हच्या मागे दोन बारीक काड्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी टोपी बसवायची होती. चष्मेवाल्यांनी चिमटा घेतला, श्वास रोखला आणि पहिल्या फटक्यात टोपी बसवली. "बघितलंस?" ते म्हणाले. बायकोला काहीच दिसलं नव्हतं, पण तिनं "वा!" म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शिकतंच माणूस.

वायरी जोडल्या, बटण दाबलं, कॉम्प्युटर घरघरला. पण नवा ड्राइव्ह काही त्याच्या गणतीत येईना. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'ड्राइव्ह ओळखण्यासाठी लागणारा प्रोग्रॅम सोबतच्या सीडीमध्ये आहे. सीडी ड्राइव्हमध्ये घालावी.'

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"म्हणजे सीडी चालायला प्रोग्रॅम पाहिजे, आणि प्रोग्रॅम सीडीत?" बायको म्हणाली. "लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही!"

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सोपं आहे हो. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर ती सीडी घाला आणि प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून आणा."

दुसरा कुणाचा म्हणजे कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनात म्हणत चष्मेवाले जिना चढले.

"दादा, जरा तुझा कॉम्प्युटर बघू."

"कशाला?"

"सहज. कसा आहे ते."

"सीडी आणलीस ना? मला ठाऊक होतं! अगं ए, खुर्च्या मांड!" दादांनी आत हाक दिली.

"नातीची नाही आणली. वेगळी आहे." मग सगळं सांगावंच लागलं. दादा पोट धरून हसले, आणि हसता हसता म्हणाले, "पण छोट्या, माझ्या कॉम्प्युटरला फ्लॉपी कुठाय? नवीन आहे तो!"

आता शहाण्या माणसानं इथं हात टेकले असते. चष्मेवाले खाली गेले, आपल्या कॉम्प्युटरची फ्लॉपीची पेटी वायरीसकट उपटली आणि वर घेऊन आले. आपल्या डब्यात एक ड्राइव्ह बसावा म्हणून आपला दुसरा ड्राइव्ह काढून भावाच्या डब्यात बसवायचा! दादांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. असं काही करायला मिळावं म्हणून ते निवृत्तीपासून वाटच बघत होते.

"मी उघडतो. तू बाजूला हो. एक, दोन, ओढ!"

"दादा, हळू!"

"कवायत आहे ही! तीन!"

झाकण निघालं. पेटी जोडली, प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरला. दोघा भावांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. पेटी काढून दादांनी आपला डबा बंद केला, तेव्हा एक वायर उरली आणि दोन स्क्रू कमी पडले. बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

"छोट्या, तू काय केलंस?"

"मी? तूच ओढत होतास!"

"अहो भाऊजी, जाऊ द्या," वहिनी कळवळून म्हणाल्या. "आता पोरीचं तोंड दिसणार की नाही ते सांगा. आमचा तर गेला, आणि तुमचा..."

घरात चालू शकेल असं एकच यंत्र उरलं होतं, ते म्हणजे खालचा पेटारा. मानापायी नातीचं तोंडच अंतरलं, तर बायको जन्मभर ऐकवेल, आणि तिनं नाही ऐकवलं तरी आपल्याला आपलं मन खाईल. चष्मेवाले खाली उतरले. मागोमाग, हातात स्वतःची खुर्ची घेऊन, दादा, आणि त्यांच्यामागून वहिनी.

पेटी परत बसली. फ्लॉपी आत गेली. ड्राइव्हवर इवलासा हिरवा दिवा लागला आणि खण सुळ्ळकन बाहेर आला.

"आला! आला!" दादा शाळेतल्यासारखे ओरडले.

सीडी घातली. पडद्यावर आधी लेक आली. ती म्हणाली, "काका, बाबांचा कॉम्प्युटर हे दाखवणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून तुमच्याकडेच सगळे जमले असाल. बाबांना पुढं बसू द्या हं!"

"बघ!" चष्मेवाले गरजले. "माझ्याच घरात दिसतेय!" आणि त्यांनी खुर्ची पार पुढे ओढली.

मग चित्र अडखळत, थांबत थांबत सरकलं आणि नात दिसली. गोबरी, टकली. कानाच्या पाळ्या बाहेर आलेल्या, हनुवटी पुढे, भुवया चढलेल्या. मुठी कमरेपाशी रोवून ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती, की कॅमेऱ्यानंच रांगेत उभं राहावं.

मग सगळे एकेक करून पडद्याजवळ वाकलेल्या दादांकडे बघू लागले. तेच कान. तीच हनुवटी. त्याच भुवया.

"अगं बाई!" वहिनींनी तोंडाला पदर लावला. "ही तर सोळा आणे ह्यांच्यावर गेलीय!"

उभ्या शाळेला धाकात ठेवणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "छोट्या," ते म्हणाले, "छोट्या, अरे, ही बघ की रे..."

चष्मेवाल्यांनी भावाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि आपला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

"लहान मुलांचे चेहरे बदलतात, दादा," ते म्हणाले. "सरक इकडं जरा, पुढं ये. पुन्हा लावतो."