दहा पत्ते आणि एक अबोला

ऐकून घेण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही! हे मी म्हणत नाही, आमचे साहेब म्हणतात. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीमागे माझी उभी हयात गेली. नळाला पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, गढूळ आलं तर त्यातून गांडूळ येतं! समोरचा माणूस तोंडाला फेस येईपर्यंत बोलतो. मी शांतपणे मान डोलावतो आणि म्हणतो, "बरं. नोंद घेतली." तो निम्मा तिथेच गार होतो. मी कुणाचाही राग मनात धरत नाही, कारण मनापर्यंत काही पोचतच नाही. कानाच्या आसपासच सगळा निकाल लागतो.

आणि अशा माणसाशी त्याच्या बायकोने अबोला धरावा!

आमची ही बस स्थानकावर निवेदिका आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय हे माईकवरून सांगणारा जो गोड आवाज असतो ना, तो आमच्या घरचा. घरीही तो तितकाच चालू असतो. पण त्या सोमवारी सकाळी आवाज एकदम बंद! तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, "साखर कमी आहे." तिने साखरेचा डबा पुढे सरकवला. तोंडातून चकार शब्द नाही!

अबोल्याचे नियम तुम्हाला ठाऊक असतीलच. जो आधी बोलला तो हरला. आणि "काय झालं?" असं विचारणं म्हणजे तर सपशेल शरणागती, कारण त्यावर "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?" असा प्रश्न येतो. आणि आपल्याला खरंच माहीत नसतं! म्हणून मीही तोंडाला कुलूप लावलं आणि कामावर गेलो.

आमच्या कार्यालयातल्या टायपिस्टबाई दुपारच्या सुट्टीत टेबलावर टॅरोचे पत्ते मांडून बसतात. एरवी मी त्या वाटेला जात नाही. पण त्या दिवशी गेलो.

"भविष्य बघता का हो, बाई?"

"छे! हे आत्मपरीक्षण. पत्ता काही सांगत नसतो. चित्र बघून आपल्या मनात काय येतं ते आपण बघायचं. आरसाच समजा."

"मग आरशातच बघतो की!"

"आरशात तुम्ही फक्त भांग बघता, साहेब."

बोलणं लागलं, पण खरं होतं. मग त्यांनी मला दहा पत्त्यांची मांडणी शिकवली. मधला पहिला पत्ता म्हणजे आपण स्वतः. त्याच्यावर आडवा दुसरा, तो आपल्याला आडवं येणारं काय ते सांगणारा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक. मग बाजूला चार पत्त्यांचा उभा जिना: आपण स्वतःला कसे समजतो, घरात काय चाललंय, कशाची भीती वाटते, आणि सगळ्यात वर शेवट.

"एकच नियम पाळा," बाई बोट उगारून म्हणाल्या. "पत्ता दुसऱ्यावर ढकलायचा नाही. प्रत्येक पत्त्याला विचारायचं, यात मी कुठे आहे?"

"बरं. नोंद घेतली," मी म्हणालो.

बाईंकडून पत्ते मागून आणले आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मांडले. सोबतच्या पुस्तिकेतली अक्षरं मुंगीएवढी होती, तेव्हा ती बाजूला ठेवली. चित्रं काय, लहान मुलालाही कळतात!

पहिला पत्ता निघाला मूर्ख. एक गडी आभाळाकडे बघत कड्याच्या टोकाशी चाललाय, पायाशी कुत्रं भुंकून भुंकून जीव काढतंय, पण गडी ऐकेल तर शपथ! मी एका नजरेत ओळखलं. हा माझा मेहुणा. म्हणजे आमच्या हिचा थोरला भाऊ.

त्याच्यावर आडवी पडली तलवारींची राणी. ताठ मान, हातात उपसलेली तलवार. ही कोण, ते मी तुम्हाला सांगायला हवं का? जिन्यातल्या पहिल्या पायरीवर निघाला उलटा टांगलेला माणूस. आपली काही चूक नसताना बिचारा निमूट लटकतोय! दहा पत्त्यांपैकी एवढा एकच मी स्वतःकडे ठेवून घेतला.

पुढचा पत्ता घराचा. चार तलवारी, आणि त्यांच्यात दगडी ओट्यावर डोळे मिटून, छातीवर हात जोडून एक माणूस आडवा पडलेला. घरात मढं! त्याच्यावर भीतीचा पत्ता: तीन तलवारी आरपार गेलेलं काळीज. आणि शेवटचा पत्ता? मागे आठ प्याले टाकून, अंगावर झगा ओढून कुणीतरी पाठ फिरवून निघालंय. कोण निघालंय? घरात दोनच माणसं, त्यातला मी तर खुर्चीत बसलेला!

एवढ्यात शेवटच्या खोलीचं दार उघडलं. ही बाहेर आली. डोळे लाल, चेहरा ओला, हातात टॉवेल. बंद दाराआड बसून ही रडत होती! माझं काळीज त्या पत्त्यातल्यासारखंच झालं. पण नियम म्हणजे नियम. मी गप्प राहिलो. तीही गप्प राहिली. उलट जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने थोपटून गेली. निरोप घेतात तसं!

मंगळवारी पुरावे वाढले. पहाटे न्हाणीघरातून गुळण्यांचे खळखळ आवाज. माझ्या नावाने चूळ भरत असणार. उकाड्यात गळ्याभोवती मफलर. प्रवासाची तयारी, दुसरं काय! बुधवारी वसतिगृहातून मुलीचा फोन आला.

"बाबा, आईला त्रास देऊ नका हं. तिला अजिबात बोलायला लावू नका."

"म्हणजे, तुझ्यापर्यंत गेलं हे?"

"तिने मेसेज केला ना. तुम्हाला तर माहीतच आहे सगळं."

इथे मी "नाही गं, मला काहीच माहीत नाही" असं म्हणालो असतो, तर ही कथा इथेच संपली असती. पण पोरीपुढे बापाने अडाणी ठरायचं? "म्हणजे काय!" मी म्हणालो. "मला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

गुरुवारी सकाळी मेहुणा गाडी घेऊन दारात हजर! ही मफलर गुंडाळून, पिशवी भरून तयार.

"जावईबापू, घेऊन जातो हिला," तो म्हणाला. त्याचा चेहरा गंभीर होता. "आधी स्थानकावर जाऊन रजेचं बघतो, मग तिथून पुढे. आता काय तो सोक्षमोक्ष लागेल. तुम्ही कामावर जा, उगाच काळजी करू नका."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आत येऊन मी टेबलावर सोमवारपासून तशाच पडलेल्या पत्त्यांकडे बघितलं. आठ प्याले टाकून ते माणूस अजून चाललंच होतं. मग मात्र माझा धीर सुटला. खड्ड्यात गेले अबोल्याचे नियम! हिच्याशिवाय या घरात मी बोलणार कुणाशी, आणि गप्प तरी बसणार कुणाशी? पत्ते खिशात कोंबले, रिक्षा पकडली आणि थेट बस स्थानक गाठलं.

तिथे पोचलो तर माईकवर तिचा आवाज नव्हता. कुणीतरी पुरुष खेकसत होता, "ओ चार नंबरवाले! मागे सरका की! कान आहेत का भजी?" म्हणजे नोकरीसुद्धा सोडली! मी निवेदन कक्षात घुसलो. माईकपुढे एक पांढऱ्या मिशांचे ड्रायव्हर बसले होते. हिच्या जागी त्यांना तात्पुरतं बसवलं होतं.

"दोन मिनिटं माईक द्या!" मी म्हणालो. "घर मोडायची वेळ आलीय!"

"कुणी हरवलंय का?"

"बायको!"

हरवलेल्या माणसांसाठी माईक द्यावाच लागतो म्हणे. त्यांनी दिला. मी डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो.

"अगं, जाऊ नकोस! मी बोलतोय! पाणीपुरवठ्यातला! माझं काय चुकलं ते मला माहीत नाही, पण चुकलं असणारच! तलवारींची राणी म्हणालो, ते शब्द परत घेतो! तुझ्या दादाला मूर्ख म्हणालो, तेही परत घेतो! हवं तर मी उलटा टांगून घेतो! पण एकदा, फक्त एकदा माझ्याशी बोल गं!"

डोळे उघडले तर अख्खं स्थानक पुतळ्यासारखं उभं. कंडक्टर, हमाल, चहावाला, खिडक्यांतून डोकी काढलेले प्रवासी. पलीकडच्या आगार व्यवस्थापकांच्या खोलीतून ही धावत आली, मागून मेहुणा. काचेपाशी येऊन तिने माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात सगळं स्थानक एका आवाजात ओरडलं,

"बाई, बोलू नका!"

मी गारच पडलो.

"अहो, घशात गाठ आलीय त्यांच्या!" ड्रायव्हरमामा माझ्यावर कडाडले. "आठवडाभर एक अक्षर काढायचं नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. वाफ घ्यायची, गुळण्या करायच्या आणि गप्प बसायचं. आज मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय, ऑपरेशन लागतंय का ते बघायला. इथल्या हमालापासून सगळ्यांना माहितीय! तुम्ही नवरा ना त्यांचे?"

माईक चालूच होता. "तुम्ही नवरा ना त्यांचे?" हा प्रश्न एकेका फलाटावर जाऊन, छपराला आपटून परत माझ्याकडे आला.

काचेपलीकडून हिने हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

"तीन नंबर फलाट?" ड्रायव्हरमामांनी विचारलं.

"नाही," मेहुणा म्हणाला. "तीनदा सांगितलं होतं, असं म्हणतेय."

आणि मला रविवार आठवला. सकाळी मी पेपर वाचत असताना ती काहीतरी म्हणाली होती, आवाज जरा घोगरा होता. दुपारी मी मॅच बघत होतो तेव्हा पुन्हा. आणि झोपताना, मी मोबाइल चाळत असताना, पलंगाच्या कडेला बसून तिसऱ्यांदा. आणि तिन्ही वेळा मी काय म्हणालो होतो, ते तुम्ही ओळखलंच असेल.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण स्थानकाची धरणी काँक्रीटची. मान खाली घालून मी चहावाल्यापुढून, हमालांपुढून, अख्ख्या रांगेपुढून चालत गेलो आणि मेहुण्याच्या गाडीत मागे जाऊन बसलो.

गाडी स्थानकाबाहेर पडली. मेहुणा आरशातून बघत म्हणाला, "जावईबापू, हिने मला काय कळवलं होतं, सांगू? 'एकटीला गप्प बसायला जड जाऊ नये म्हणून यांनीही माझ्यासोबत मौन धरलंय.' केवढं कौतुक होतं तिला तुमचं."

मूर्ख तो नव्हे हे मला तोपर्यंत कळलंच होतं. पण त्या वाक्याने मी जो मेलो, तो अजून पुरता जिवंत झालेलो नाही. शेजारी बसलेल्या हिच्याकडे बघायची हिंमत होईना. ती खिडकीबाहेर बघत होती.

मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. गाठ साधी होती. ऑपरेशन नको, अजून थोडे दिवस आवाजाला विश्रांती द्या, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "घरी तुम्ही यांना बोलायला भाग पाडत नाही ना?"

"छे, छे," मी म्हणालो. मेहुण्याला जोराचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी टायपिस्टबाईंना पत्ते परत करताना मी सगळी मांडणी सांगितली. त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो, पहिला पत्ता कुणाचा म्हणून सांगितलं होतं मी?"

"ते कळलं. पण घरातलं ते मढं?"

"मढं कुठलं! चार तलवारी म्हणजे विश्रांती. नुसती विश्रांती हो! आणि ती राणी म्हणजे जे असेल ते स्पष्ट सांगणारी बाई."

"आणि आठ प्याले टाकून निघालेला?"

बाईंनी पत्ते गोळा केले आणि पुन्हा बोट उगारलं. "नियम काय होता? यात मी कुठे आहे?"

आठवडा उलटला आणि एका सकाळी चहाच्या वेळी तिचा आवाज परत आला. जरा फाटका, जरा दबका. मी पेपर घडी करून ठेवला होता, मोबाइल आतल्या खोलीत ठेवला होता, आणि दोन्ही कान पुढे करून बसलो होतो.

"घाबरले होते हो मी," ती म्हणाली. "आवाज गेला तर माझ्याजवळ राहिलं काय? दादाला, पोरीला, सगळ्यांना नंतर कळवलं. सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं होतं."

सवयीने जिभेवर ते तीन शब्द आलेच! मी चहाच्या घोटाबरोबर गिळले. घसा भाजला. डोळ्यांत पाणी आलं ते चहामुळे, असं मी तिला सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं.

आता घरात नवी पद्धत आहे. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती थेट माईकवरच्या आवाजात सुरू करते, "कृपया लक्ष द्यावे," आणि प्रत्येक गोष्ट तीनदा सांगते. ड्रायव्हरमामा म्हणतात, साहेब, बाई तुमचा अपमान करतायत. मी त्यांना काही बोलत नाही. कारण तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका: मन लावून, कान टवकारून ऐकतो मी, पण अजूनही मला ऐकू येतं ते तिसऱ्यांदाच!