जमिनीपासून वीतभर

"घरात एकटे असताना टांगून बघू नका हं," दुकानातल्या बाईंनी झाडावर चढायच्या नव्या पट्ट्याची पिशवी हातात देताना बजावलं होतं. सकाळी शेंड्याला ते नेमकं आठवलं. त्याने खोलीत नजर फिरवली. पलंगावर आई मोजे विणत बसली होती. म्हणजे तो एकटा नव्हता.

शेंडा झाडांच्या फांद्या छाटायचा. सदा टोकाला चढलेला, म्हणून सगळा रस्ता त्याला शेंडाच म्हणे. गेल्या वर्षी जुन्या पट्ट्याची कडी तुटून तो पडला, खांदा निखळला, आणि आईने त्याचं झाडावर चढणं बंद करून टाकलं. "नवा पट्टा माझ्या डोळ्यांदेखत तपास. माझं मन मानलं तरच चढ." आज ते मन मानायलाच हवं होतं. शेजारच्या बेकरीवाल्या ताईंच्या अंगणातल्या झाडाची वाळकी फांदी भट्टीच्या छपरावर लोंबत होती. संध्याकाळपर्यंत ती निघाली नाही, तर उद्या पालिकेची माणसं येऊन अख्खं झाड बुंध्यातून कापणार होती.

दुकानात कडीच्या दोन तऱ्हा होत्या. एक पोटाशी पक्की बसवायची. दुसरीसाठी पट्ट्याला पुढून दोरीचा छोटा तुकडा आडवा बांधायचा, आणि कडी त्यावरून डावी-उजवीकडे सरकायची. फांदीवर अंग वळवायला सोपं, म्हणून शेंड्याने सरकती घेतली. इथवर शहाणपणाच होता. तुकडा किती लांब ठेवायचा ते सोबतच्या कागदावर छापलं होतं. पण कागद वाचून पट्टा बांधायला तो काय नवशिक्या होता? "अंग मोकळं राहिलं पाहिजे," म्हणत त्याने तुकडा चांगला सढळ हाताने बांधला.

मग मोठा दोर छताच्या लोखंडी तुळईवरून टाकला, एक टोक कडीत अडकवलं आणि त्याच्याच उरलेल्या शेपटाने दोराच्या दुसऱ्या, लोंबत्या बाजूवर सरकणारी आवळती गाठ मारली.

"बघ आई, ही गाठ खाली ओढली की मी खाली. सोडली की जिथल्या तिथे. आहे की नाही गंमत?"

"बघू," आई म्हणाली.

शेंड्याने दोर ओढून पाय जमिनीवरून उचलले. जमिनीपासून वीतभर वर तो झोकात लोंबकळला. पट्टा घट्ट, कडी ठणठणीत. आता उतरून दाखवावं म्हणून त्याने गाठीकडे हात नेला, तर गाठ हाताच्या वर! सढळ बांधलेला तुकडा ताणला जाऊन अंग खाली बसलं होतं आणि गाठ होती तिथेच राहिली होती.

"आई, ते स्टूल दे गं जरा. कुठे ठेवलंयस?"

आईने ओठ घट्ट मिटले.

आता आली पंचाईत. तो पहिल्यांदा झाडावर चढला त्या दिवसापासून आईने नेम धरला होता. त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त मनात देवाचं नाव घ्यायचं. तापातसुद्धा तो तिने मोडला नव्हता.

"अगं आई, हे झाड नाही! आपली बाहेरची खोली आहे!"

आईने त्याच्या पायांकडे बोट दाखवलं, मग जमिनीकडे, आणि मान हलवली. नेम म्हणजे नेम. मोजे बाजूला ठेवून ती स्वतःच स्टूल आणायला उठली.

"राहू दे, उठू नकोस! जमतंय मला!" शेंड्याने जोर लावून स्वतःला वर ओढलं. तो वर गेला, पण गाठही तेवढीच वर सरकली आणि तिथे घट्ट बसली. त्याने पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. आई स्टूल घेऊन आली तोवर त्याचे अंगठे स्टुलालाही पोहोचेनात.

आई तडक बेकरीत गेली.

"काय झालं काकू?" ताईंनी विचारलं. आईने वर बोट दाखवलं. "वर? वरचे डॉक्टर हवेत? अगंबाई, बोला ना! काकू! डॉक्टर, धावा हो, काकूंची वाचा गेली!"

बेकरीच्या माडीवर राहणारे डॉक्टर बॅग घेऊन धावत खाली आले. आईने सगळ्यांना ओढत घरी आणलं. डॉक्टरांनी तिला पलंगावर बसवलं.

"आजी, जीभ दाखवा."

डॉक्टरांचं ऐकावं म्हणून आईने जीभ दाखवली.

"हात वर करा."

आईने दोन्ही हात वर करून लेकाकडे दाखवलं.

"छान. दोन्ही हात चालतायत. आणि तुम्ही वर काय करताय?"

"तपासतोय," शेंडा म्हणाला.

"मीही तेच करतोय. मध्ये बोलू नका."

"डॉक्टर, तिला काही झालेलं नाही! मी जमिनीवर आलो की ती बोलेल!"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना एकदम हसू फुटलं. पण हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. "तू असा अडकलास, मग माझं झाड गेलंच की रे उद्या."

"नाही ताई. फांदी आजच काढतो. शब्द देतो."

"आधी स्वतःला काढ!"

त्या पळत जाऊन पावाचे रिकामे क्रेट घेऊन आल्या. एकावर एक रचून डॉक्टरांनी ते धरून ठेवले, शेंडा त्यावर उभा राहिला आणि गाठ हाती आली. गाठीत रुमाल अडकवून त्याचं टोक त्याने मुठीत धरलं, मग क्रेट काढले. गाठ हळूच ओढत तो लोण्यासारखा खाली उतरला. पाय टेकले.

झाडावर चढायचं कायमचं संपलं, हे शेंड्याने ओळखलं आणि मान खाली घातली.

आई दोरापाशी आली. तिने कडी दोन्ही हातांनी धरून सगळा भार टाकून पाहिला.

"एवढी धडपड केलीस, तरी हिने तुला पडू दिलं नाही?"

"नाही. पण आई, खरं सांगतो, तुकडा मीच लांब बांधला. कागद वाचला नाही."

"मग वाच. इथेच वाच, मोठ्याने."

शेंड्याने वाचलं, तुकडा आखूड केला आणि पुन्हा पाय उचलले. आईचे ओठ मिटले. गाठ डोळ्यांसमोर आली. तो उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला.

"मानलं," आई म्हणाली. "जुनी कडी धरून ठेवायच्या वेळी सोडून गेली. ही चिवट आहे. जा."

"आजी, रक्तदाब तेवढा बघू द्या," डॉक्टर म्हणाले.

"बघा ना. आज चांगलाच असेल."

डॉक्टर पट्टी गुंडाळू लागले. ताई क्रेट गोळा करत होत्या. शेंड्याने दोर खांद्यावर टाकला, करवत उचलली, आणि आईचं डॉक्टरांशी बोलणं पुरं होऊ दे म्हणून कुणाला काही न सांगता मागच्या दाराने बेकरीच्या अंगणाकडे निघाला.