मनवेलपाडा पॅटर्न

मनवेलपाड्याच्या अंगणवाडीतील मुलांची वजने वाढत होती, आणि नेमके हेच पोषण निरीक्षक जयवंत वर्तकांना खटकत होते. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाचा चांगल्या बातमीवर चटकन विश्वास बसत नाही. अंगणवाड्यांतून मिळणारी पोषक पिठाची तीच पाकिटे राज्यभर घरोघर जात होती. मुले मात्र याच एका ठिकाणी बाळसे धरत होती. राज्यस्तरीय बैठकीत त्याचे कारण सांगणे भाग होते.

"आधी पानी घ्या, सर," सेविका मटिल्डाबाई म्हणाल्या.

"पाणी राहू द्या. वजनकाटा दाखवा."

काटा बिनचूक निघाला. मग वर्तकांनी त्या पिठाचा शिरा करवून एका गुटगुटीत मुलीपुढे ठेवला. तिने एक घास घेतला, क्षणभर विचार केला आणि तो साहेबांच्या बुटावर परत केला.

"भूक नसंल तिला," मटिल्डाबाई घाईने म्हणाल्या.

"मग वजन कशानं वाढलं?"

उत्तर अंगणवाडीच्या चाळीमागून आले. एक कोंबडी अंडे घातल्याची वार्ता साऱ्या पाड्याला देत होती. वर्तक मागे गेले. खुराड्यापुढे शासकीय पाकिटे फोडलेली होती आणि दहा-बारा कोंबड्या तन्मयतेने पीठ टिपत होत्या.

"बाई, हे बालकांचं पीठ आहे!"

"बालकं थुकतात ना, सर! आया कचऱ्यात टाकायच्या. मी म्हटलं, पाकिटं मला द्या, अंडी घेऊन जा. कोंबड्या पीठ खातात, पोरं अंडी खातात. उपाशी कोनीच नाय." मग त्यांचा आवाज उतरला. "तुम्ही लिहिलं तर माझी नोकरी जाईल. ती जाऊ दे. पन पोरांची अंडी बंद होतील."

वर्तक विचारात पडले. परिणाम खरा होता, कारणही खरे होते. पीठ आणि बालक यांच्यामध्ये फक्त एक पक्षी येत होता. खोटे लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते. 'पिठाचा पूर्ण वापर होतो. काहीही वाया जात नाही. वजनवाढ निर्विवाद,' एवढेच त्यांनी लिहिले.

बैठक भारावून गेली. पीठ इतके गुणकारी आहे, तर घरी न्यायचेच कशाला? 'मनवेलपाडा पॅटर्न' राज्यभर लागू झाला: सेविकेने पीठ समोर बसवून भरवावे, फोटो पाठवावा आणि उरलेले पीठ परत करावे.

फोटो उत्तम आले, कारण ते घास तोंडात असतानाच काढलेले होते. पॅटर्न सर्वत्र यशस्वी ठरला. अडचण झाली ती मनवेलपाड्यात. तिथे मटिल्डाबाई अजून वजनही करत. पिठावाचून कोंबड्यांची अंडी आटली आणि मुलांची वजने घसरली.

वरिष्ठांचा फोन आला. "वर्तक, अख्ख्या राज्यात पॅटर्न चाललाय, फक्त मनवेलपाड्यात नाही. त्या बाईंना तो समजलेलाच दिसत नाही. जाऊन ट्रेनिंग द्या."

वर्तकांनी मटिल्डाबाईंना तसे फोनवर कळवले.

"मनवेलपाडा पॅटर्नचं ट्रेनिंग, आनि मला? देनार कोन?"

"मी."

"मग या. पन रिकाम्या हाताने येऊ नका, सर. कोंबड्या उपाशी बसून आहेत, आनि पोरंपन."

वर्तकांनी लगेच वरिष्ठांना फोन लावला. "साहेब, प्रात्यक्षिकासाठी थोडं जादा पीठ लागेल."

"घ्या की! ट्रेनिंग किती दिवसांचं?"

वर्तकांनी शास्त्रोक्त हिशेब केला.

"बाईंना समजायला वेळ लागेल, साहेब," ते म्हणाले. "वर्षभर तरी धरा."