उद्घाटनाशिवाय पेपर नाही

"या वेळी बाबा पास झाले नाहीत, तर मी बी.एड. सोडून भजी तळीन," असं मेघनाने गॅलरीत उभं राहून जाहीर केलं. तिची भजी चांगली होतात, त्यामुळे निम्मी चाळ त्या क्षणी दौलतकाकांच्या विरोधात गेली.

लालबागच्या या चाळीतले दौलत परब सरकारी कचेरीत शिपाई होते. लिपिक होण्यासाठीची खात्याची परीक्षा ते नेमाने देत आणि नेमाने आपटत. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. हुकली, की निवृत्तीपर्यंत साहेबांच्या चहातली माशी काढायची.

अभ्यासात कसूर नव्हती. नियमांचं पुस्तक त्यांनी इतक्यांदा वाचलं होतं, की एव्हाना पुस्तकाला दौलत परब पाठ झाले असावेत. उलट मात्र काही होत नव्हतं.

"बाबा, नुसतं वाचून डोक्यात राहत नाही," मेघना म्हणाली. "पुस्तक मिटायचं आणि आठवायचं. सराव परीक्षा द्यायच्या, अगदी खऱ्यासारख्या. ज्याचा सराव होतो, तेच आयत्या वेळी आठवतं."

"काल काय जेवले ता ह्येंका आठवणा नाय," कोलंबी सोलता सोलता दौलतकाकांची बायको कमल म्हणाली, "नियम काय आठवतले?"

पहिला पेपर घरात झाला. कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारची सिरियल यांच्यामध्ये किरकोळ रजेचा नियम हरवला. म्हणून दुसऱ्या पेपरला टेबल गॅलरीत काढलं, आणि तिथेच ते गंगाधरच्या नजरेस पडलं.

गंगाधर म्हणजे चाळीच्या मंडळाचा अध्यक्ष. गणपती गेले, की वर्षभर त्याचे हात शिवशिवत.

"काका, एवढी मोठी गोष्ट आणि अशी चोरून? मंडळ काय मेलंय?"

पुढच्या रविवारी चाळीच्या चौकात मंडप पडला. सतरंजी, माइक, दौलतकाकांसाठी सॅटिनचं कापड घातलेलं टेबल, आणि शेजारी तबकात नारळ. नारळ फोडायला प्रमुख पाहुणे म्हणून कफ परेडच्या मच्छीमार नगरातून एक बडे व्यापारी यायचे होते. ते आले नव्हते. दौलतकाकांनी प्रश्नपत्रिका पाहिली, पहिलंच उत्तर येतंय म्हणून आनंदाने पेन उघडलं, तर गंगाधरने पेपरच काढून घेतला.

"उद्घाटनाआधी उत्तर? काका, तुम्ही तरी असं करू नका."

"गंगाधरदादा, परीक्षेत नारळ नसतो," मेघना म्हणाली.

"म्हणून तर एवढी पोरं नापास होतात."

दर रविवारी हेच. दौलतकाका पेन मिटून बसायचे, सफारीतले पाहुणे घाम पुसत उशिरा यायचे, दौलतकाका उठून नमस्कार करायचे, नारळ फुटायचा आणि मग पेपर सुरू. गंमत म्हणजे मेघनाची युक्ती लागू पडली. मार्क चढत गेले. पुढे पुढे तर दौलतकाका झोपेतही आवक-जावकचे नियम सांगू लागले, आणि कमलने उशी घेऊन गॅलरी गाठली.

खरी परीक्षा वडाळ्याच्या एका शाळेत होती. घंटा झाली, पेपर वाटले, सगळे तुटून पडले. दौलतकाकांनी पेपर वाचला. सगळं येत होतं. ते पेन मिटून, हात बांधून, दाराकडे बघत बसले.

बऱ्याच वेळाने पर्यवेक्षिका बाई जवळ आल्या. "काका, पेपर कठीण आहे का?"

"छे, सगळा येतो."

"मग लिहा ना."

"प्रमुख पाहुणे पोचले नाहीत अजून."

बाईंचा चेहरा उतरला. तपासणीला वरून कुणी येणार आणि आपल्याला पत्ताच नाही? ही बातमी शेजारच्या वर्गात, तिथून जिन्याने खाली गेली. शिपायाने फाटक उघडून धरलं. चहावाल्याला पिटाळलं. अखेर केंद्रप्रमुख स्वतः घाम पुसत, सगळं ठाकठीक आहे ना बघायला धावत वर्गाच्या दारात आले.

सफारी, घाम, उशीर. दौलतकाकांना खूण पटली. ते उठले, त्यांनी अदबीने नमस्कार केला. भांबावलेल्या केंद्रप्रमुखांनीही केला. नारळाचं तेवढं राहिलं. पण शाळेत सिमेंटवर नारळ फोडू देत नसतील, अशी दौलतकाकांनी स्वतःची समजूत घातली, आणि असे काही लिहीत सुटले, की पुरवणीची मागणी करणारे वर्गात ते पहिले ठरले.

पास झाले. मंडळाने नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लावला. त्यावर गंगाधर, सगळे कार्यकर्ते आणि झाडून सगळे प्रमुख पाहुणे होते. दौलतकाकांच्या फोटोला जागा उरली नाही.

लिपिक म्हणून पहिल्या दिवशी त्यांच्या टेबलावर पहिली फाइल आली. त्यांनी ती उघडली, वाचली. सगळं येत होतं. मग पेन मिटून, हात बांधून, ते दाराकडे बघत बसले.

संध्याकाळी साहेब त्यांच्या टेबलाजवळून गेले. तीच फाइल, तेच पान.

"परब," साहेब कौतुकाने म्हणाले, "पहिल्याच दिवशी किती छान रुळलात हो."